खुशीचे पैसे, हक्काचे पैसे

ठरलेल्या किमतीच्या वर, सेवा देणाऱ्याच्या हातात ग्राहकाने आपणहून ठेवलेली रक्कम म्हणजे टीप. महाराष्ट्रात ती अनेक रूपांत दिसते: हॉटेलात बडीशेपेच्या बशीत सोडलेली चिल्लर, रिक्षावाल्याला ‘राहू द्या’ म्हणून न मागितलेले सुटे, सिलिंडर वर आणून देणाऱ्याचे वीस-तीस रुपये, सोसायटीच्या वॉचमनची दिवाळीची पोस्त, बाळ झाल्यावर प्रसूतिगृहातल्या मावशींना दिलेली खुशाली. किती द्यावे, याचे संकेत बहुतेकांना ठाऊक असतात. द्यावे का, आणि दिल्याने नेमके काय घडते, यावर मात्र दोन ठाम मते आहेत. पुढील संवादात टीपेची बाजू घेणारा समर्थक आहे आणि तिच्याकडे संशयाने पाहणारा शंकाकार.

समर्थक: बिलात पदार्थाची किंमत असते, जागेचे भाडे असते, वाढणाऱ्याच्या वेळेचा हिशेबही असतो. आस्थेची किंमत त्यात नसते. रोज येणाऱ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला बिनसाखरेचा चहा लागतो हे न सांगता ध्यानात ठेवणारा वेटर, जड पिशवी फाटकापर्यंत आणून देणारा रिक्षावाला, सुट्टीवर गेलेल्या घराचे दार येता-जाता तपासणारा वॉचमन यांनी केलेले काम कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते आणि लिहिताही येत नाही. त्याची दखल घेण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत टीप सर्वांत सरळ आहे. साध्या हॉटेलात बिलाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत-बाहेर, लहान बिलावर परत आलेले सुटे, सलूनमध्ये दहा-वीस रुपये, दिवाळीला घरकामाच्या बाईंना महिन्याचा पगार, हे संकेत कोणी कायद्याने घालून दिलेले नाहीत, तरी ते पाळले जातात. शिवाय हे पैसे गल्ल्यातून जात नाहीत. जेवणारा आणि वाढणारा यांच्यातला तेवढाच एक व्यवहार मालकाच्या हिशेबाबाहेर राहतो.

शंकाकार: आस्थेचे मोल म्हणून टीप दिली जात असती, तर आस्था वाढली की टीप वाढली असती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. सेवेचा दर्जा आणि टीपेची रक्कम यांचा संबंध अगदी क्षीण असतो, असे त्यातून दिसते. लोक प्रथा म्हणून देतात, सोबतच्या माणसांसमोर कंजूष दिसू नये म्हणून देतात, वेटर समोर उभा आहे म्हणून देतात. समोर उभा नसलेल्याला कोणी देत नाही. मोरीशी उभा राहून भांडी घासणारा पोऱ्या आणि भट्टीसमोर तापणारा आचारी यांच्या कामात आस्था कमी असते असे नाही, ते फक्त दिसत नाहीत. दुसरा प्रश्न याहून टोचणारा आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या हातात कोणी शंभराची नोट सरकवत नाही, वॉर्डबॉयच्या हातात सरकवतात. बँकेतल्या रोखपालाला कोणी टीप देत नाही, बँकेच्या दारातल्या शिपायाला दिवाळीला देतात. समाज ज्याला आपल्या बरोबरीचा मानतो, त्याला टीप देणे अपमानाचे वाटते. मग ज्याला ती सहज दिली जाते त्याच्याविषयी देणाऱ्याच्या मनात काय असते, हे वेगळे सांगायला नको. भटजींनाही ठरलेल्या किमतीविना, देणाऱ्याच्या ऐपतीनुसार पैसे मिळत आले; पण दक्षिणा वाकून, विड्यावर ठेवून दिली जाते. दोन्हीकडे रक्कम देणाऱ्याच्या मर्जीची, तरी एका ठिकाणी देणारा खाली वाकतो आणि दुसऱ्या ठिकाणी घेणारा.

समर्थक: दोष दाखवला तो देण्याच्या रीतीतला आहे, तर रीत सुधारावी. टेबलावर भिरकावलेले नाणे आणि नाव घेऊन, हातात दिलेली नोट यांत फरक आहे, आणि घेणाऱ्याला तो लगेच कळतो. स्वयंपाकघरातल्यांवर होणारा अन्यायही दूर करता येतो. अनेक हॉटेलांत टीपेचा डबा एकच असतो आणि दिवसअखेर वाटणी होते. ब्रिटनने तर त्यासाठी २०२३ मध्ये कायदा केला. तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला असून मालकाला टीपेतला एक पैसाही ठेवून घेता येत नाही, वाटप न्याय्य रीतीने करावे लागते. आता तत्त्वासाठी टीप नाकारणाऱ्याकडे पाहू. तत्त्व त्याचे, पैसे वाचतात तेही त्याचेच, आणि नुकसान तिसऱ्याचे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे वजन साधारण तेवढेच, म्हणजे खांद्यावर तीस किलोच्या आसपास ओझे. ते घेऊन लिफ्ट नसलेल्या इमारतीचे चार मजले चढून आलेल्या माणसाला दारात उभे करून वेतननीतीवर विचार करणाऱ्या ग्राहकाबद्दल आदर वाटणे कठीण आहे.

शंकाकार: सिलिंडरचेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ग्राहक जी किंमत भरतो तिच्यात घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो, मजला कोणताही असो. म्हणूनच गोदामावरून स्वतः सिलिंडर नेणाऱ्याला त्यातून सूट मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे चार मजल्यांचे पैसे एकदा घेऊन झालेले असतात. ते चढणाऱ्याच्या हातात पुरेसे पडत नसतील, तर वाटेत कुठेतरी अडतात, आणि दारातले तीस रुपये ती अडलेली रक्कम भरून काढतात. ग्राहकाला वाटते आपण गरिबाला मदत केली. प्रत्यक्षात मदत वितरकालाही झालेली असते, कारण वरचे पैसे ग्राहकाकडून सुटतात हे त्याला पक्के माहीत असते. हॉटेलात नव्या पोऱ्याला ठेवताना ‘पगार एवढा, वर टीप सुटते’ असे सांगितले जाते, त्या एका वाक्यात टीपेचे सारे अर्थकारण आहे. अमेरिकेत तर हे वाक्य कायद्यात शिरले. १९६६ च्या दुरुस्तीने मालकाला टीप किमान वेतनात धरण्याची मुभा मिळाली. आज संघराज्याचे किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची किमान रक्कम १९९१ पासून २.१३ डॉलरवरच थांबली आहे. टीप धरूनही किमान वेतन भरले नाही, तर तूट मालकाने द्यायची असते. पण तो हिशेब मागायचा कोणी, तर मालकाच्या मर्जीवर पाळी मिळणाऱ्या वेटरने.

समर्थक: अमेरिकेची व्यवस्था भारतात नाही. इथे किमान वेतनात टीप धरायची सवलत कायदा देत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तारांकित हॉटेलांच्या करविषयक प्रकरणात सांगितले की ग्राहकाने वेटरसाठी दिलेली टीप हा मालकाने दिलेला पगार ठरत नाही, मग ती कार्डावरून हॉटेलच्या खात्यातून वाटली गेली तरी. न्यायालयाने रेष स्वच्छ ओढली आहे. मालकाचा पगार वेगळा आणि ग्राहकाची खुशी वेगळी.

शंकाकार: रेष कागदावर स्वच्छ आहे, घरखर्चात नाही. टीप पगार नाही म्हटल्यावर ती भविष्यनिर्वाह निधीत मोजली जात नाही, ग्रॅच्युइटीत मोजली जात नाही, आजारपणाच्या रजेत मिळत नाही, कर्ज काढताना दाखवता येत नाही. वेटर मात्र तिच्यावर मुलांची फी भरत असतो. मिळकतीचा जो भाग दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तोच सर्वांत कच्चा राहतो. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. बलुतेदारीत वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर मिळे. हक्क परंपरेचा, पण मापात किती पडेल हे कुणब्याच्या पिकावर आणि मनावर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या देवघेवीतली ओढाताण तपशिलाने आली आहे. महार वतनदारांची स्थिती तर याहून बिकट. काम सरकारचे, वेळीअवेळी बोलावणे सरकारचे, आणि पोटाला मात्र गावकऱ्यांच्या दारी जायचे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे निश्चित करा, मोबदला निश्चित करा, बलुत्याऐवजी रोख रकमेची व्यवस्था करा, हा त्याचा रोख होता. गावाने अधिक उदार व्हावे अशी विनंती त्यात नव्हती. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये झाला. हमालांनीही तेच मागितले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या माथाडींच्या लढ्यातून १९६९ चा कायदा आला आणि मजुरी मंडळामार्फत, त्यावर भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्टी यांच्यासाठी लेव्ही, अशी व्यवस्था झाली. ज्यांना संघटित होता आले, त्यांपैकी कोणीही मोठी बक्षिसी मागितलेली नाही. सर्वांनी दर मागितला.

समर्थक: इतिहास मान्य आहे, निष्कर्ष पुरा नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी काम थांबवले आणि संघटना उभी केली. पगारवाढ आणि सुट्ट्यांबरोबर दिवाळीचा बोनसही त्यांच्या मागण्यांत होता. त्यांनी दिवाळीची प्रथा मोडा म्हटले नाही, ती पक्की करा म्हटले. ‘दिवाळीला घर काहीतरी देतेच’ ही समजूत आधीपासून रुजलेली नसती, तर ‘काय देते ते ठरवून टाका’ असे म्हणायला पाय कुठे रोवला असता? मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहा. दिवाळीला ग्राहकाने एका महिन्याचे जादा पैसे द्यायचे, हा त्यांच्याकडचा रिवाज सर्वांना सारखा लागू असतो. घासाघीस नाही, ओशाळणे नाही. कारखान्यातला बोनस हाही एके काळी मालकाच्या खुशीचा भाग मानला जाई. १९६५ च्या कायद्याने तो हक्क झाला, आणि पुढे त्याचे किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे जवळपास एका महिन्याचा पगार, असे ठरले. बलुत्यातून बाहेर पडावे लागले हे खरे, कारण त्याला जातीची बेडी होती. पण प्रत्येक खुशी बेडी असते असे त्यातून सिद्ध होत नाही. खुशी पुढे हक्क होऊ शकते, आणि तोपर्यंत तिने घर चालते.

शंकाकार: मग खुशी आणि सक्ती यांच्यातली सीमा तरी नीट आखली पाहिजे, आणि ती रकमेवरून आखता येत नाही. प्रसूतिगृहात बाळ दाखवायच्या आधी मागितलेले पाचशे रुपये, सरकारी रुग्णालयात स्ट्रेचर ढकलण्यासाठी मागितलेले पन्नास, स्मशानात लाकडे रचण्यापूर्वी घातलेली अट, या साऱ्यांना ‘चहापाणी’च म्हणतात. घरचा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर असताना कोणी घासाघीस करत नाही, आणि मागणाऱ्याला तेच माहीत असते. सरकारी सेवकाने कामासाठी असे पैसे घेणे ही लाच आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. फक्त ज्याच्यावर सक्ती झाली त्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे. खासगी ठिकाणी कायदा वेगळा असेल, पण कसोटी एकच लावता येते: दिले नाही तर काही अडते का? अडत असेल तर ती टीप नव्हे, मग दहा रुपये असोत की हजार. या कसोटीला ॲपवरची आगाऊ टीपही उतरत नाही. गाडी मिळण्यापूर्वीच ‘जादा रक्कम टाकल्यास चालक लवकर स्वीकारेल’ असे सुचवणे म्हणजे गरजवंतांचा लिलाव. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये अशाच प्रकारावरून एका टॅक्सी कंपनीला नोटीस काढली, ते योग्यच झाले. सेवा झाल्यावर दिलेले पैसे दाद असतात, आधी मागितलेले पैसे भाव असतो.

समर्थक: इथे मतभेद उरत नाही. उलट त्याच यादीत हॉटेलांचे सेवा शुल्क घालायला हवे. बिलात परस्पर पाच-दहा टक्के लावायचे, ग्राहकाला तो कर वाटू द्यायचा, आणि ती रक्कम वेटरपर्यंत पोचते की नाही हे मालकाच्या इमानावर सोडायचे. त्यामुळे ग्राहक वेगळी टीप देत नाही आणि वेटरचे दोन्हीकडून नुकसान होते. त्याच प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना वैध ठरवल्या. बिलात असे शुल्क दिसले तर ते काढायला सांगावे, न काढल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. त्यानंतर वाचलेली रक्कम खिशात न ठेवता वेटरच्या हातात द्यावी, हा शिष्टाचाराचा पुढचा भाग लोक सोयीने विसरतात. तसाच विसर मोबाइलवरून पैसे देताना पडतो. मुंबईत रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. रोख देताना तीस रुपये दिले जात, वरचे चार न मागता राहत. आता पडद्यावर २६ टाइप होतात आणि २६ च जातात. हॉटेलातला क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो, त्यात वेटरला जागाच नाही. कोणी जाणूनबुजून हात आखडला नाही, तरी रोजची चिल्लर नाहीशी झाली. सुट्या नोटा जवळ ठेवणे किंवा वेटरच्या स्वतःच्या क्रमांकावर पैसे पाठवणे, एवढी तसदी देणाऱ्याने घ्यावी.

शंकाकार: जी मिळकत पैसे देण्याचे साधन बदलताच नाहीशी होते, ती किती कच्ची होती याचा याहून मोठा पुरावा नको. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार कचरा गोळा करतात. त्यांचे उत्पन्न घरटी मासिक शुल्कावर उभे आहे. जे घर हे शुल्क द्यायला कुरकुर करते आणि दिवाळीला मात्र फराळाची पिशवी हौसेने देते, त्याने हिशेब उलटा मांडलेला असतो. शुल्क हे देणे आहे, फराळ हा स्नेह. देणे चुकते झाले नाही तर स्नेहाला अर्थ नाही. ॲपवरून जेवण आणणाऱ्या मुलांबाबत तर हे अधिकच खरे आहे. पाऊस कोसळत असताना पडद्यावर ‘वीस, तीस, पन्नास’ अशी बटणे येतात. त्या वेळी भिजणाऱ्या माणसाच्या फेरीचा दर कंपनीने ठरवलेला असतो, पावसाचा भत्ता द्यायचा की नाही हेही तिनेच, आणि त्याच्या कष्टाची जाणीव ठेवायचे काम मात्र ग्राहकावर टाकलेले असते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली, ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिने अशा कामगारांना प्रथमच कायद्यात नाव दिले आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी असे ठरवले. त्यातून अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांची सोय होऊ शकेल. टीपेने यांपैकी एकही गोष्ट होत नाही.

समर्थक: संहितेने पावसाळी रात्रीच्या फेरीचा दर मात्र ठरवलेला नाही. आणि ज्यांनी टीप काढून टाकून पगार वाढवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, त्यांचा अनुभवही पाहावा लागतो. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध उपाहारगृहचालक डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांत टीप बंद करून किमती वाढवल्या, म्हणजे आचाऱ्यालाही न्याय मिळावा. २०२० मध्ये त्यांना तो प्रयोग सोडावा लागला. एकट्याने किंमत वाढवली की मेनूवर तो महाग दिसतो, आणि चांगली टीप मिळवणारे वेटर शेजारच्या हॉटेलात जातात. फ्रान्समध्ये हे जमले, कारण सेवा धरून किंमत लिहिण्याचा नियम सर्वांनाच लागू आहे. मुंबईतल्या एखाद्या उडुप्याने उद्या थाळी वीस रुपयांनी वाढवून ‘टीप देऊ नये’ अशी पाटी लावली, तर गिऱ्हाईक आधी वीस रुपये पाहील. सर्वांनी एकदम बदलावे असा नियम होईपर्यंत त्या वेटरला काय सांगायचे?

शंकाकार: टीप द्यावी. ठरल्याप्रमाणे, हातात, न मिरवता द्यावी, आणि ती पगाराच्या जागी धरू नये. जिथे दर ठरवता येतो तिथे तो आधी ठरवावा. सोसायटीच्या सभेत वॉचमनची आणि सफाई करणाऱ्यांची दिवाळी घरोघरच्या मर्जीवर न सोडता ठराव करून एकरकमी द्यावी, साप्ताहिक सुट्टीही त्याच सभेत ठरवावी. त्यांना पन्नास दारांपुढे उभे राहायला लावू नये.

समर्थक: ठराव जरूर व्हावा. मात्र तो झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आपल्या दुखण्यात औषध आणून देणाऱ्या वॉचमनला वेगळे शंभर रुपये देणार असतील, तर त्यांना थांबवू नये. राहिला प्रश्न पगाराच्या जागी न धरण्याचा. देणारा तसे धरत नसेल, पण घेणारा धरतो, कारण महिनाअखेरीस त्याला दोन्ही रकमा मिळूनच भाडे भरायचे असते.

शंकाकार: आणि मालकही धरतो. देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी पुढच्या वर्षी पगार वाढवायची वेळ आली की ‘वर सुटतातच की’ हे उत्तर तयार असते. ग्राहकाच्या चांगुलपणाचा असा उपयोग मालकाला करता येऊ नये, याची तजवीज एकट्या ग्राहकाच्या हातात नाही.

समर्थक: एकट्या ग्राहकाच्या हातात नाही, हे मान्य. पण तजवीज होईपर्यंत हात आखडता घेतला तर त्याची झळ मालकाला लागत नाही, ती आज पाळीवर असलेल्या वेटरलाच लागते.